झीज आणि डागडुजी : वास्तूच्या लघुप्रतिकृतीतील काळाचे चित्रण

१

वास्तूची लघुप्रतिकृती ही कलाविचाराने फारशी गंभीरपणे न घेतलेली निर्मिती आहे. चित्र, शिल्प आणि वास्तुरचना या तिन्हींच्या सीमेवर ती उभी असते आणि सीमेवरील वस्तूच्या वाट्याला येणारी उपेक्षा तिच्याही वाट्याला आलेली आहे. छंद म्हणून तिचे कौतुक होते, हस्तकौशल्य म्हणून तिला पारितोषिके मिळतात. परंतु ती काय सांगते, आणि जे सांगते ते खरे असते काय, हा प्रश्न तिला क्वचितच विचारला जातो. वस्तुतः हा प्रश्न तिला विचारणे अगत्याचे आहे. एखादे घर नेमक्या प्रमाणात उभारून, त्याच्या भिंतीवर ओल, छपरावर शेवाळ आणि दाराच्या फळ्यांवर उडालेला रंग दाखवून, भोवतीच्या अंगणासह ते मांडणारा कारागीर केवळ एक शोभेची वस्तू सिद्ध करीत नसतो; तो एक विधान करीत असतो. हे घर असे होते, त्यावर इतकी वर्षे गेली आणि ती या रीतीने गेली, असे ते विधान होय. विधान म्हटले की सत्यासत्यतेचा विचार आलाच.

अशा मांडणीला रूढ असलेले डायोरामा हे नाव मूळचे तिचे नव्हे. ग्रीक धातूंपासून घडविलेल्या या शब्दाचा अर्थ ‘आरपार पाहणे’ असा होतो. लुई दागेर आणि शार्ल बूताँ यांनी १८२२ साली पॅरिसमध्ये ज्या प्रेक्षागृहाला हे नाव दिले, तेथे घनरूप प्रतिकृती नव्हत्या. तेथे अंशतः पारदर्शक असे प्रचंड चित्रपट होते. त्यांवर पुढून व मागून पाडलेला प्रकाश हळूहळू पालटत असे आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत दिवस मावळे किंवा धुके विरळ होई. हे प्रेक्षागृह १८३९ साली आगीत नष्ट झाले. नाव मात्र उरले आणि पुढे ते घनरूप लघुदृश्यांना चिकटले. या नामांतरात एक महत्त्वाचा भेद झाकला गेला आहे. दागेर यांच्या डायोरामात काळ प्रत्यक्ष वाहत होता. घनरूप डायोरामात तो थांबलेला असतो. जो काळ वाहू शकत नाही तो दाखवायचा तर त्याच्या खुणाच दाखवाव्या लागतात. म्हणून घनरूप डायोरामात जीर्णतेचे चित्रण हा शेवटचा हात फिरविण्याचा भाग नसून त्या कलाप्रकाराचा गाभा आहे.

या गाभ्याची परीक्षा करण्यास इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात, लाँग विटनहॅम या गावी असलेल्या पेंडन संग्रहालयातील ग्रामदृश्य हे उत्तम उदाहरण आहे. तथापि त्याकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे: प्रमाणाची मर्यादा आणि झिजेचे व्याकरण.

२

पेंडन येथील घरे एकास शहात्तर या प्रमाणात, म्हणजे प्रत्यक्षातील एका फुटास चार मिलिमीटर या हिशेबाने बांधलेली आहेत. या प्रमाणात नऊ इंच लांबीची वीट तीन मिलिमीटरची होते. सांध्यासह तिचा थर एक मिलिमीटर उंचीचा होतो. दोन विटांमधील दहा मिलिमीटरचा दर्जा सुमारे ०.१३ मिलिमीटर उरतो. छपरावरील चार मिलिमीटर जाडीची गवताची काडी ०.०५ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या बहुतेक केसांहून बारीक व्हावयास हवी. थोडक्यात, सर्वच गोष्टी गणिताने लहान करता येत नाहीत. पदार्थाचे स्वभावधर्म आकाराबरोबर आकसत नाहीत. पाण्याचा थेंब लहान घरावरही मोठाच राहतो आणि धुळीचा कण प्रतिकृतीवर पडला की तो धूळ न राहता खडा होतो.

दुसरी अडचण दृष्टीची आहे. या प्रमाणातील घर एक मीटर अंतरावरून पाहणे म्हणजे खरे घर शहात्तर मीटरांवरून पाहणे. तितक्या अंतरावरून विटांचे थर ओळखू येतात, पण दर्जा वेगळा दिसत नाही. तो विटेच्या रंगात मिसळून जातो, लहान डाग एकमेकांत विरतात आणि गडद रंग मवाळ होतात. उलट प्रेक्षक वाकून हातभर अंतरावर आला की तेच अंतर पंचवीस-तीस मीटरांवर येते आणि मघाशी न दिसणाऱ्या गोष्टी दिसाव्यात अशी त्याची अपेक्षा होते. प्रतिकृतिकाराला या दोन्ही अंतरांसाठी एकच पृष्ठभाग रंगवायचा असतो. त्यामुळे निव्वळ मोजमापाची अचूकता त्याला तारू शकत नाही. काय ठेवावे, काय गाळावे, कोणता रंग किती उतरवावा याची निवड त्याला करावीच लागते. म्हणजे ज्याला नक्कल म्हणून हिणवले जाते तेथेही निर्णयाला वाव आहे, आणि निर्णय आला की कला आली.

या निर्णयाचा प्रेक्षकाला येणारा प्रत्यय कोणत्या जातीचा असतो? भारतीय काव्यशास्त्रात श्रीशंकुकाने नाट्यानुभवाच्या संदर्भात मांडलेला चित्रतुरगन्याय येथे उपयोगी पडतो. चित्रातील घोडा पाहून ‘हा घोडा’ अशी जी प्रतीती होते ती सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्यज्ञानही नव्हे. ती या चौघांहून विलक्षण असते. मूठभर उंचीचे घर पाहून ‘हे घर’ असे म्हणणारा प्रेक्षक फसलेला नसतो. त्याला पुठ्ठा आणि रंग दिसत असतातच. तरीही ‘हे घरासारखे आहे’ एवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. ‘येथे कोणीतरी राहत असले पाहिजे’ येथपर्यंत त्याचे मन जाते. हा शेवटचा टप्पा आकाराने गाठला जात नाही. नव्याकोऱ्या, डागरहित प्रतिकृतीत मोजमापे अचूक असूनही ती वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीतील नमुन्यासारखी भासते. घर वापरले गेले आहे याची खूण पटली म्हणजेच वस्तीचा प्रत्यय येतो. ही खूण पटविणारे जे साधन, ते म्हणजे झीज.

३

झिजेला व्याकरण असते. ती कोठेही, कशीही येत नाही. प्रत्येक डागामागे कारण असते आणि ते कारण डागाच्या जागेवरून, दिशेवरून व रंगावरून वाचता येते. पागोळ्यांचे पाणी जेथे पडते तेथे जमिनीवर ओळ कोरली जाते आणि तेथून उडालेली माती भिंतीच्या तळाशी, जोत्यालगत, ठराविक उंचीपर्यंत चढते. पन्हळ जेथे फुटलेली असते तिच्याखालीच भिंतीवर हिरवा ओघळ उतरतो. लोखंडी खिळ्याखाली गंजाची रेघ निघते, पण ती वर जात नाही. विटांमधील क्षार ओलीबरोबर पृष्ठभागी येऊन पाणी सुकले की पांढरे स्फटिक मागे ठेवतात. मराठीत यालाच लोणा लागणे म्हणतात, आणि तो जमिनीतली ओल जेथवर चढते तेथेच मुख्यतः दिसतो. उघड्या लाकडातील लिग्निन हे द्रव्य सूर्यप्रकाशाने विघटित होते, पाऊस ते धुऊन नेतो आणि फळी राखाडी होते. परंतु वळचणीखाली झाकलेला तिचा भाग तपकिरीच राहतो. दाराचा रंग प्रथम खालच्या कडेला, जेथे पाणी साचते तेथे, आणि कडीजवळ, जेथे हात लागतो तेथे, सुटतो. काजळी धुराड्याच्या तोंडाशी असते, दाराच्या चौकटीशी नव्हे.

प्रतिकृतिकाराची साधने या कारणांहून भिन्न आहेत. भिंत बहुधा पुठ्ठ्याची, लाकडाची किंवा प्लास्टरची असते. तिच्यावर मूळ रंगाचा हात दिल्यानंतर अतिशय पातळ केलेला गडद रंग वाहू देतात. तो खाचांत उतरतो आणि सांधे उठून दिसतात. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिका रंग उंचवट्यांवर ओढतात. अखेरीस खडूची बारीक पूड चोळून धूळ, काजळी किंवा गंज सुचवितात. रंगाचे पोपडे दाखवायचे असतील तर खालच्या थरावर पाण्यात विरघळणारा लेप देऊन, वरचा रंग ओला करून जागोजाग खरवडतात. १९७० नंतरच्या दोन दशकांत बेल्जियन प्रतिकृतिकार फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांच्या कामामुळे या रीती जगभर रूढ झाल्या. अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या डायोरामा-विषयक पुस्तकाने तंत्राच्या जोडीस कथनाचा विचार मांडला.

तंत्र रूढ झाले की त्याचा साचा बनतो, आणि येथेच या कलेचा मुख्य दोष उगम पावतो. पातळ रंग खाचेत उतरतो तो खाच आहे म्हणून, तेथे ओल असते म्हणून नव्हे. कोरडा कुंचला प्रत्येक कडेवर फिकेपणा आणतो. पण खऱ्या घराची प्रत्येक कड झिजलेली नसते. परिणामी जी जीर्णता उत्पन्न होते ती सर्वत्र सारखी, दिशाहीन आणि निष्कारण असते. उत्तरेकडील भिंत दक्षिणेकडील भिंतीइतकीच मळते, वापरातले दार बंद पडलेल्या दाराइतकेच गंजते. अशा कामात कौशल्य भरपूर असूनही प्रत्यय येत नाही, कारण तेथे झीज नसून केवळ मळ असतो. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याला काव्याचे जीवित मानले. अलंकार योग्य स्थानी नसेल तर तो शोभेऐवजी उपहासाला कारण होतो, हा त्याचा विचार या पुठ्ठ्याच्या भिंतीलाही तंतोतंत लागू पडतो. स्थान चुकलेला डाग हा अनुचित अलंकारच होय.

४

पेंडनचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. त्याचे प्रवर्तक रॉय इंग्लंड हे १९२५ साली ऑस्ट्रेलियातून ब्रिटनमध्ये आले. बर्कशायर आणि विल्टशायरच्या सीमेवरील ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातील खेडी त्यांनी पाहिली. जुनी गवती छपरे उतरवून त्या जागी कारखान्यातील साहित्य बसविले जात होते, खिडक्या-दारे पालटत होती. ही घरे वाचविणे एका माणसाच्या हाती नव्हते. त्यांची लघुरूपे घडविणे मात्र शक्य होते. या विचारातून त्यांनी घरांची मोजमापे घेण्यास, छायाचित्रे व रंगांची टिपणे करण्यास आरंभ केला, आणि पुढे १९५४ साली लाँग विटनहॅम येथे संग्रहालय उभे राहिले. त्यातील मुख्य दृश्य १९२० ते १९४० च्या दरम्यानच्या खोऱ्याचे आहे. अनेक स्वयंसेवकांनी दशकानुदशके पुठ्ठा, कागद आणि जलरंग यांतून ते वाढविले आहे.

या दृश्याचे एक वैशिष्ट्य समीक्षकाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्यातील घरे खरी आहेत. म्हणजे प्रत्येक घर कोठेतरी प्रत्यक्ष उभे होते किंवा आहे. परंतु ती ज्या गावात एकत्र आलेली आहेत ते पेंडन पार्व्हा हे गाव पृथ्वीतलावर कोठेही नाही. निरनिराळ्या खेड्यांतील घरे उचलून एका कल्पित गावात वसविलेली आहेत. म्हणजे अवयव ऐतिहासिक आणि अवयवी काल्पनिक अशी ही रचना आहे. ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासकाला ती अपरिचित वाटणार नाही. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ साली असा विचार मांडला की, लघुरूपात समग्राचे ज्ञान अवयवांच्या ज्ञानाआधी होते. पेंडनमध्ये प्रेक्षकाच्या बाबतीत हे खरे ठरते. निर्मात्याच्या बाबतीत मात्र क्रम नेमका उलटा आहे. त्याने एकेक घर आधी जाणले, समग्र गाव मागाहून रचले. पेंडनची शक्ती आणि पेंडनची मर्यादा ही दोन्ही या क्रमातून निघतात.

शक्ती अशी की, घर प्रत्यक्ष पाहून, मोजून बांधायचे ठरले की साचेबंद मळाला आपोआप आळा बसतो. विशिष्ट भिंतीचा विशिष्ट फुगवटा, छपराच्या आढ्याला आलेला बाक, एका बाजूची बदललेली कौले या गोष्टी कल्पनेने सुचत नाहीत. त्या नोंदवाव्या लागतात. नोंदीतून आलेली झीज कारणासह येते, कारण ती ज्या पावसाने व ज्या हातांनी घडविली तो पाऊस व ते हात खरे होते. त्यामुळे पेंडनची घरे पाहताना ‘किती सुंदर मळविले आहे’ असा उद्गार निघत नाही. जीर्णता तेथे लक्ष वेधून घेत नाही. ती घराच्या अंगाची वाटते. प्रेक्षक प्रथम घर पाहतो आणि मग त्याच्या वयाचा अंदाज करतो. हा संयम या कलेत दुर्मीळ आहे.

मर्यादा मात्र मूल्यविषयक आहे, आणि तिचा विचार करताना दोन युरोपीय विचारांची आठवण अपरिहार्य ठरते. जॉन रस्किन यांनी १८४९ सालच्या आपल्या वास्तुकलाविषयक ग्रंथात वास्तूचे खरे वैभव तिच्या वयात असते असे प्रतिपादन केले आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणाऱ्या नूतनीकरणाला असत्य ठरविले. ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ साली स्मारकांची मूल्ये वेगळी करून दाखविताना जीर्णतामूल्य आणि ऐतिहासिक मूल्य यांतील विरोध स्पष्ट केला. जीर्णतामूल्याला ऱ्हासाची क्रिया चालू राहणे हवे असते; ऐतिहासिक मूल्याला ती थांबणे हवे असते. एकाच वास्तूत दोन्हींचे पूर्ण समाधान होऊ शकत नाही. लघुप्रतिकृती मात्र ते दोन्ही एकाच वेळी देऊ पाहते. ऱ्हासाचे रूप तिच्यात असते, पण ऱ्हास नसतो. वय दिसते, पण वाढत नाही. रीगल यांच्या पेचातून सुटण्याचा हा मार्ग मोहक आहे. म्हणूनच त्याची किंमत कोण देते हे तपासले पाहिजे.

५

तुलनेसाठी दोन अमेरिकन उदाहरणे घेता येतात. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील छायाचित्रकार जॉन ॲलन यांनी ‘गोर अँड डॅफेटिड’ नावाचा आगगाडीचा लघुप्रदेश एकास सत्त्याऐंशी प्रमाणात उभारला. हे नाव उच्चारताच ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ अशा अर्थाचा श्लेष ऐकू येतो. या छंदात चकचकीत, नव्या प्रतिकृतींची चाल होती त्या काळात ॲलन यांनी जीर्णतेला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु त्यांची झीज नाट्यधर्मी होती. वाकलेल्या भिंती, उंच कडे, विनोदी नावे यांतून ती एक रंगभूमीच सजवीत होती. ॲलन १९७३ च्या जानेवारीत निवर्तले आणि त्यानंतर काही दिवसांतच लागलेल्या आगीत त्या लघुप्रदेशाचा बहुतेक भाग नष्ट झाला. आज तो मुख्यतः छायाचित्रांत उरला आहे.

दुसरे उदाहरण फ्रान्सिस ग्लेसनर ली यांचे. हार्वर्ड विद्यापीठातील न्यायवैद्यक विभाग त्यांच्या देणगीने १९३१ साली उभा राहिला. आणि १९४० नंतरच्या दशकात त्यांनी संशयास्पद मृत्यूंच्या घटनास्थळांची लघुदृश्ये एकास बारा या प्रमाणात सिद्ध केली. तपास अधिकाऱ्यांनी घटनास्थळ कसे पाहावे याचे शिक्षण देणे हा त्यांचा हेतू होता. पुढे ही दृश्ये मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर येथे गेली, आणि २०१७-१८ मध्ये वॉशिंग्टनच्या रेनविक कलादालनात ती कलाकृती म्हणून मांडली गेली. येथेही रचना पेंडनसारखीच आहे: तपशील खऱ्या प्रकरणांतून घेतलेले, दृश्य मात्र जुळवून केलेले. पण झिजेचे कार्य भिन्न आहे. ली यांच्या खोल्यांत भिंतीवरील डाग, वापरून विटलेले कापड, स्वयंपाकघरातील पसारा हा पुरावा असतो. तेथे निष्कारण डाग केवळ अनुचित ठरत नाही. तो खोटी साक्ष ठरतो, कारण त्याच्यामुळे एखादा निरपराध मनुष्य संशयित ठरू शकतो.

अशा रीतीने या कलेत जीर्णतेची तीन कार्ये संभवतात: ॲलन यांच्याकडे नाट्य, ली यांच्याकडे साक्ष आणि पेंडनमध्ये स्मरण. यांपैकी नाट्याला सत्याचे बंधन सैल असते आणि साक्षीला ते कठोर असते. स्मरणाची स्थिती अवघड आहे. ते साक्षीसारखे बोलते, पण त्याला नाट्यासारखी निवड करण्याची मुभा हवी असते.

६

पेंडनच्या निवडीत काय गळले? तेथील बागा फुललेल्या आहेत. ऋतू उन्हाळ्याचा आहे. ज्या ऋतूत गवती छपराचे घर आतून ओलसर होते, भिंती घाम गाळतात आणि विहिरीवरून पाणी आणणे जिवावर येते, तो ऋतू या गावात येत नाही. ब्रिटनमध्ये १९२६ साली ग्रामीण मजुरांच्या घरांच्या सुधारणेस सरकारी साहाय्य देणारा कायदा झाला. तो करावा लागला याचा अर्थच असा की, बाहेरून रम्य दिसणारी अनेक घरे राहणाऱ्याला सुखाची नव्हती. जुने छप्पर उतरवून नवे बसविणे हे वाटसरूच्या डोळ्यांना सौंदर्याचे हरण वाटले, तरी घरात निजणाऱ्या मजुराला ते कोरडे अंथरूण होते. रॉय इंग्लंड यांची हळहळ खोटी नव्हती. पण ती रस्त्यावरून पाहणाऱ्याची हळहळ होती. तपशिलाची अचूकता या भेदावर पांघरूण घालू शकते, हा वास्तववादी लघुप्रतिकृतीतील सर्वांत मोठा धोका होय. प्रत्येक वीट खरी असूनही गाव असत्य असू शकते.

तथापि येथेच थांबून पेंडनला केवळ गतकाळाची गोड आठवण ठरविणे अन्यायाचे होईल. झीज म्हणजे केवळ ऱ्हास असे गृहीत धरल्यामुळे हा आक्षेप जेवढा वाटतो तेवढा निर्णायक होतो. वस्तुतः वस्तीच्या घरात झीज कधी एकटी नसते. तिच्या शेजारी डागडुजी असते. फुटक्या कौलाजवळ बदललेले कौल असते. उडालेल्या गिलाव्यावर नव्या गिलाव्याचा, किंचित वेगळ्या रंगाचा तुकडा असतो. कुजलेल्या फळीच्या जागी दुसऱ्याच दारातून काढलेली फळी बसविलेली असते. गवती छप्पर हे तर डागडुजीचेच दुसरे नाव आहे. कोकणातील मराठीत पावसाळ्यापूर्वी छप्पर नीट करण्याला शाकारणी असा स्वतंत्र शब्द आहे. छप्पर ही वस्तू नसून दरवर्षीचे काम आहे, हे ज्ञान त्या एका शब्दात साठविलेले आहे. इंग्लंडच्या छपराचे चक्र अधिक लांब, काही दशकांचे असते आणि आढे त्याहून लवकर नवे करावे लागते. परंतु तत्त्व तेच. ज्याला ‘जुने गवती छप्पर’ म्हणून जपावे असे वाटते, त्यातील गवत जुने नसतेच. जुनी असते ती शाकारण्याची रीत.

ऱ्हास निसर्ग करतो. डागडुजी मनुष्य करतो. म्हणून घरात कोणीतरी राहते हा प्रत्यय, ज्याचा उल्लेख चित्रतुरगन्यायाच्या संदर्भात वर आला, तो अंतिमतः झिजेने नव्हे, तर डागडुजीने येतो. निव्वळ झिजलेले घर ओसाड भासते. झिजलेले आणि सांधलेले घर वसते भासते. या कसोटीवर बाजारी रीतीने मळविलेले बहुतेक डायोरामा अनुत्तीर्ण होतात, कारण त्यांत ऱ्हासाची सर्व तंत्रे असतात, पण दुरुस्तीचे एकही चिन्ह नसते. जणू त्या गावात गरिबी आहे, पण गरीब माणसे नाहीत. पेंडन या कसोटीला उतरते ते त्याच्या पद्धतीमुळे. प्रत्यक्ष घर मोजणाऱ्याला ठिगळही मोजावे लागते. ठिगळ नोंदले गेले की ते लावणाऱ्याच्या कष्टांचीही नोंद होते, मग निर्मात्याची दृष्टी रस्त्यावरची असो वा नसो. अचूकता ही येथे हेतूच्या पलीकडे जाऊन सत्य सांगते. आधी जिचा धोका दिसला तीच अचूकता अशा रीतीने काही अंशी त्या धोक्यावरील उताराही ठरते.

रस्किन यांच्या विचाराचा राहिलेला अर्धा भागही याच दिशेने नेतो. जीर्णोद्धाराचा निषेध करतानाच, वास्तूची वेळच्या वेळी काळजी घेतली तर जीर्णोद्धाराची पाळी येणार नाही असे त्यांनी बजावले होते. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली स्थापलेल्या प्राचीन वास्तुरक्षक संस्थेने नित्याच्या देखभालीलाच आपले सूत्र केले. वय आणि देखभाल यांत विरोध नाही. वय हे देखभालीचेच फळ आहे. जी वास्तू कोणी सांभाळली नाही ती जुनी होत नाही, ती नाहीशी होते.

७

यावरून लघुप्रतिकृतीच्या समीक्षेला एक कसोटी मिळते. प्रतिकृतीतील जीर्णतेसंबंधी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, डागाला कारण आहे काय? दुसरा, ते कारण त्या जागी, त्या दिशेला आणि त्या हवामानात संभवते काय? तिसरा, त्या कारणाला घरातील माणसांनी काय उत्तर दिले हे दिसते काय? पहिल्या प्रश्नाला अनुकूल उत्तर मिळाल्यास काम निर्दोष ठरते, दुसऱ्याला मिळाल्यास सत्य, आणि तिसऱ्याला मिळाल्यासच ते अर्थपूर्ण ठरते. कौशल्याची गणना यांनंतर करावी.

प्रतिकृतीला स्वतःचेही वय असते, हा मुद्दा शेवटी लक्षात घ्यावयास हवा. पुठ्ठा ओलीने वाकतो, जलरंग प्रकाशाने उडतात, गोंद सुटतो. रंगविलेल्या धुळीवर खरी धूळ बसते आणि ती प्रमाणाबाहेरची असल्याने दृश्याचा भंग करते. चित्रित जीर्णता जपण्यासाठी वस्तूची प्रत्यक्ष जीर्णता सतत दूर करावी लागते. काळ थांबविण्याची प्रतिज्ञा करणारी ही कला स्वतः काळाच्या तडाख्यातून सुटत नाही. तिलाही शाकारणी चुकत नाही.

पेंडनच्या खोऱ्याला ज्याच्यावरून नाव पडले तो अफिंग्टनचा पांढरा घोडा याची सर्वांत जुनी साक्ष देतो. टेकडीच्या उतारावर सुमारे एकशे दहा मीटर लांबीची ही खडूच्या दगडाची आकृती, मातीवरील प्रकाशमापनाच्या आधारे, जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीची ठरली आहे. तिच्या काळचे दुसरे काहीही त्या टेकडीवर इतक्या ताजेपणाने टिकलेले नाही. ती टिकली याचे कारण तिच्या द्रव्याची दृढता नव्हे. गवत काढले नाही आणि नवा खडू ठोकून बसविला नाही, तर ती काही वर्षांतच हिरवळीखाली नाहीशी होईल. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी तो उतार चढून तिची साफसफाई केली. रॉय इंग्लंड यांनी ज्या घरांसाठी शोक केला तीही अशीच, दर पिढीने पुन्हा नवी केल्यामुळे जुनी झालेली होती. त्यांचे लघुरूप घडविणाऱ्याने त्या घरांच्या अंगावरील ठिगळे प्रामाणिकपणे नोंदली असतील, तर त्याने केवळ घरांचे चित्र काढलेले नाही. ज्या श्रमाने घरे टिकतात त्या श्रमाची वहीच लिहून ठेवली आहे. या कलेला गांभीर्याने पाहण्यास एवढे कारण पुरेसे आहे.